नाडी बाहेर?

“नाडी आत ऱ्हायली म्हनून मेला तो! बोटीचा काय दोष त्यात?”

शिवराज असा ओरडला की काठावरचे बगळे उडाले.

मोनिका हटली नाही. “दोष नाय म्हनत मी. ती बोट आज पान्यात घालू नगस, एवढंच म्हनते.”

“मग काय परातीत बसून जाऊ?”

“जा की. परातीला नाडी नसती.”

आधीच सांगून ठेवतो, हे घडलेलं आहे. शिवराज माझा सख्खा मोठा भाऊ. त्याच्या तोंडून जे ऐकलं तेच लिहितोय. खाली येऊन ‘कोणता माल मारला भावा’ विचारणाऱ्यांनी इथूनच मागं फिरा. मला आज भांडायला वेळ नाय.

यंदाचा, म्हणजे २०१९ चा मे महिना. संध्याकाळची वेळ, ऊन अजून उतरलेलं नव्हतं. जागा नाथसागर, म्हणजे जायकवाडीचं धरण. संभाजीनगरहून पैठण रोडनं बिडकीन मागं टाकलं की उजव्या हाताला फुगवट्याचं पाणी लागतं.

पाणी आपलं म्हणायचं म्हणून.

या दुष्काळात धरण पार तळाला गेलं होतं. आदल्या वर्षी जिथं बोटी तरंगायच्या तिथं पोरं क्रिकेट खेळत होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूला प्लॉटिंगचे बोर्ड, त्यांच्यावर मोठ्या अक्षरात ‘चोवीस तास पाणी’. आणि त्याच बोर्डांखालनं टँकर शहराकडं पळत होते.

अशा ठिकाणी आमच्याकडं समुद्रात बोटी चालवणाऱ्यांचं मंडळ आहे. हसा. सगळेच हसतात. वाळूजच्या कंपनीतले श्रीनिवास सर कुठून तरी शिकून आले, त्यांनी चार पोरं जमवली आणि नाव ठेवलं वल्हे मंडळ. धरणावर सराव करायचा आणि थंडीत मालवणला जाऊन खऱ्या समुद्रात उतरायचं. दादा वाळूजलाच शिफ्टमध्ये होता. मोनिका त्याच्याच लाईनवर. दोघंही मंडळात शिरले आणि पार येडे झाले.

त्यांच्या बोटीला कयाक म्हणतात. लांब, निमुळती, एका माणसाची. मधल्या भोकात पाय घालून बसायचं. भोकात पाणी शिरू नये म्हणून कमरेभोवती एक रबरी पडदा असतो, तो भोकाच्या काठावर ताणून बसवायचा. इंग्लिशमध्ये त्याला स्कर्ट म्हणतात. म्हणून मंडळात त्याचं नाव पडलं घागरा.

घागऱ्याला पुढं एक पट्टी असते. बोट उलटली तर माणूस डोकं खाली, पाय वर, असा पाण्यात लटकतो. तेव्हा ती पट्टी ओढायची. घागरा सुटतो, माणूस बाहेर.

त्या पट्टीचं नाव नाडी.

घागरा बसवताना नाडी चुकून आत दबली, तर ओढायला काहीच राहत नाय. म्हणून पाण्यात उतरायच्या आधी सर ओरडायचे, “नाडी?”

सगळ्यांनी आपापली नाडी हाताला लावून बघायची आणि ओरडायचं, “बाहेर!”

अजून एक गोष्ट सांगतो, कारण पुढं सगळं तिच्यावरच आहे. त्यांचा एक सराव असतो, त्याला ते वटवाघूळ म्हणतात. बोट मुद्दाम उलटी करायची. खाली लटकल्या लटकल्या दोन्ही हात बोटीच्या बाजूनं वर काढायचे आणि तळावर तीन ठोके द्यायचे.

ठक. ठक. ठक.

मग हात बोटीच्या दोन्ही अंगानं मागं-पुढं फिरवत राहायचे. ठोके ऐकून जवळचा गडी येतो आणि आपल्या बोटीचं नाक हळूच त्या हातांपाशी आणतो. नाक धरायचं, कमरेचा झटका द्यायचा आणि सरळ व्हायचं.

तेवढा वेळ श्वास धरून वाट बघायची. कोणी तरी येईल म्हणून.

या वटवाघळाचा सगळ्यात मोठा शौकीन होता हिमांशू. समर्थनगरचा पोरगा, बोलणं एकदम साजूक. दादाचा जिगरी. दोघांचं रोज एकच भांडण.

“शिवा, पानी नाही रे, पाणी. जीभ वर लाव.”

“जीभ वर लावल्यावर पानी गोड लागतं का बे?”

आमच्या घरात सगळे ‘पानी’च म्हणतात. लिहिताना मोबाईल आपोआप ण करतो, तो विषय वेगळा.

हिमांशूला एक खोड होती. उगाच बोट उलटी करायचा, ठोके द्यायचा. सगळे जीव तोडून यायचे आणि हा स्वतःच पलटी मारून वर येऊन खिदळायचा. जेवायला बसला तरी ताटाशेजारी तीन ठोके. मोनिका म्हणायची, “एक दिवस खरंच ठोकशील आन कोनी यायचं नाय.”

डिसेंबरात मालवणला त्यानं ठोके दिले.

सगळ्यांनी ऐकले. मोनिका हसत ओरडली, “नाटकं बास कर!” दादा तर वल्हं मांडीवर आडवं ठेवून बघत बसला. हात बोटीच्या बाजूनं फिरत होते. मागं... पुढं... मागं... पुढं.

मग हळू झाले.

मग थांबले.

नाडी घागऱ्याच्या आत सापडली. त्या सकाळी ‘बाहेर!’ सगळ्यात मोठ्यानं तोच ओरडला होता. रोजचंच म्हणून हात न लावता.

काठावर आणल्यावर डॉक्टरनं मनगट धरलं आणि म्हणाला, “नाडी नाही.”

मोनिका म्हणते, त्या शब्दावर मंडळातला एक पोरगा हसला. भीतीनं हसला. नंतर त्यानं मंडळच सोडलं.

त्यानंतर सरांनी नियम केला. ठोके ऐकू आले की कोण आहे, खरं आहे का खोटं, काही बघायचं नाय. सरळ जायचं.

आधी नाक, मग विचार.

हिमांशूची लाल बोट ट्रकवर परत आली आणि काठावरच्या शेडमध्ये पालथी पडून राहिली. तिच्या तळाला पांढरं ठिगळ होतं, त्यानंच लावलेलं. कोणी तिला हात लावत नव्हतं.

मग दादानं त्या दिवशी तीच कामून घेतली?

कारण दुष्काळ. पाणी उतरल्यावर पूर्वी न दिसणारे खडक वर आले होते. त्यातल्या एकानं दादाची बोट चिरली. शेडमध्ये उरली होती फक्त लाल. आणि कोकणातल्या एका बोटवाल्यानं दादाला शिकवायच्या कामावर बोलावलं होतं. कायमचं. वाळूजची लाईन सुटणार होती, समुद्र मिळणार होता. फक्त सरांनी शब्द टाकायचा बाकी होता. सर म्हणाले, “आज शेपूट तू सांभाळ. सगळ्यांच्या मागे राहायचं, कोणी मागे पडू द्यायचं नाही. जमलं तर उद्या सकाळी फोन करतो.”

म्हणून ते भांडण.

शेवटी मोनिका म्हणाली, “कर तुला करायचं ते. पन नाडी हात लावून बघ. तोंडानं नगं.”

दादानं तिच्यासमोर नाडी बाहेर काढून दाखवली. ओढूनही दाखवली. परत बसवली.

सगळे बोटीत बसले. सर ओरडले, “नाडी?”

“बाहेर!”

आणि सगळ्यांच्या मागून... जरा उशिरा...

“आत.”

हळू आवाजात. शांतपणे. एखादा हजेरी देतो तसं.

सर वळले. “कोण आहे रे तो शहाणा?”

 सगळे दादाकडं बघत होते, कारण शेवटच्या बोटीत तोच होता.

“मी नाय सर. आईशप्पथ.”

“शिवराज, या गोष्टीवर चेष्टा नको.”

दादाचं डोकं सणकलं, पण गप्प बसला. सरांचा शब्द पाहिजे होता.

निघाले.

काठाजवळ पाणी गुडघाभर. वल्हं मारलं की खाली चिखल लागायचा. खोल पाणी बरंच पुढं, जुन्या नदीच्या पात्रात. सर पुढं, बाकीचे मधे, दादा मागं. वारा अजिबात नाय. पाणी असं सपाट की आभाळ त्यात पडल्यासारखं. वाळलेल्या झाडांचे बुंधे वर आलेले, त्यांच्यावर पाणकावळे पंख पसरून बसलेले.

दादाला एक गोष्ट पहिल्यापासून खटकत होती.

बोट जड होती.

दोन माणसं बसल्यासारखी पाण्यात रुतून चालली होती. त्याला वाटलं, पाणी शिरलं असंल. पाय हलवून बघितले. आत कोरडं होतं.

पण पाय पुढं सरकेनात. पुढं, टोकाकडं, जिथं कोणाचेच पाय पोचत नाहीत... तिथं काहीतरी तळव्यांना टेकून होतं.

घट्ट. तळव्याला तळवा लावल्यासारखं.

त्यानं पाय मागं घेतले. ते मागं आलं नाही. एवढंच बरं.

पुढची मंडळी लांब गेली होती. दादानं वल्हं उचललं आणि तेवढ्यात पाणकावळे उडाले. सगळे. एकदम. आवाज न करता.

आणि मग...

ठक. ठक. ठक.

मागून.

मागं कोणीच नव्हतं. शेपूट म्हणजे शेवट. दादाच्या मागं फक्त काठ आणि चिखल.

ठक. ठक. ठक.

पण नियम म्हणजे नियम. सरांनी महिनोन् महिने घोटून घेतलेला. ठोके ऐकले की अंग आपोआप वळतं. दादानं बोट वळवली.

एक बोट उलटी पडली होती. लाल. तळाला पांढरं ठिगळ.

दोन हात तिच्या दोन्ही बाजूनं फिरत होते. मागं... पुढं... मागं... पुढं.

हळू होत चालले होते.

तुम्ही म्हणाल, ठिगळ बघून कळायला पाहिजे होतं. लाल बोटीत तर तो स्वतःच बसला होता. मी पण हेच विचारलं. दादा म्हणाला, “हात थांबत होते. मागच्या वेळी बी मी बघत बसल्तो.”

त्यानं जीव खाऊन वल्हं मारलं आणि नाक नेऊन त्या हातांपाशी टेकवलं.

एका हातानं नाक धरलं.

दादाला रडू फुटलं. ओरडला, “मार झटका! हिम्या, मार!”

झटका बसला.

पण वर नाही... खाली.

बोट पलटली. आभाळ गेलं.

पहिल्यांदा त्याला भीती वाटलीच नाही. गुडघाभर पाणी. हात खाली टेकवायचा की झालं. त्यानं हात खाली घातला.

तळ नव्हता.

वल्हं खाली ताणलं. तळ नव्हता. वल्हं हातातनं सुटलं आणि खाली गेलं... जात राहिलं... कशाला लागल्याचा आवाज आला नाही.

तोंडात पाणी गेलं. खारट.

धरणाचं पाणी. खारट.

त्यानं नाडी शोधली. समोर, जिथं मोनिकाला दाखवली होती तिथं.

नव्हती.

घागऱ्याची कड चाचपली. इकडून तिकडं, तिकडून इकडं. सगळीकडं गुळगुळीत. आणि मग त्याची बोटं दुसऱ्या बोटांना लागली.

कोणीतरी घागऱ्याची कड आत दाबत होतं. घाई नाही. नीट, हळूहळू, सगळ्या बाजूनं. आई थंडीत गोधडीची कड पायाखाली खोचते ना... तसं.

दादानं त्या बोटांना ओढलं, ओरबाडलं. ती आपली खोचत राहिली.

छाती फुटायला आली. मग शिकवलं होतं तेच त्यानं केलं. हात वर काढले.

ठक. ठक. ठक.

हात मागं... पुढं... मागं... पुढं.

कोणी आलं नाही.

वर मोनिकाचा आवाज येत होता. पाण्यातनं, भिंतीच्या पल्याड बोलल्यासारखा. “शिवा! ए शिवा! माघारी कुठं चाल्ला?”

आणि वरून... अगदी त्याच्या बोटीतून, त्याच्या डोक्याच्या बरोबर वर जिथं त्याचं धड असायला पाहिजे तिथून... कोणीतरी उत्तर दिलं, “काही नाही, येतोय!”

दादानं परत ठोके दिले. हातात जोर राहिला नव्हता. त्याला वाटलं, आता हिमांशूला जे वाटलं असंल तेच मला वाटतंय. सगळे जवळच आहेत. सगळे हसतायत.

मग तळहाताला काहीतरी टेकलं.

नाक.

त्यानं धरलं, झटका दिला आणि वर आला.

वर आला तेव्हा आजूबाजूला एकही बोट नव्हती.

तो काठाजवळ होता. पाणी गुडघाभर. वल्हं मांडीवर आडवं ठेवलेलं, नीट. सर आणि बाकीचे लांबून परत येत होते.

“कामून आलास रे माघारी?” मोनिकानं जवळ येऊन विचारलं. मग तिनं बघितलं. “ओला कशानं झाला?”

“उलटलो... मी ठोके दिले. किती ठोके दिले...”

“कधी?”

“आत्ता! तू हाक मारली तेव्हा!”

मोनिकानं त्याची ओली बाही चाचपली. मग म्हणाली, “शिवा, तू सरळ बसला होतास. हात बी केला मला.”

सर इंजिनिअर माणूस. त्यांनी वल्हं उभं करून पाणी मोजलं. “इथे माणूस उलटा होऊच शकत नाही. डोकं चिखलात रुतेल.” मग त्यांनी दादाचं हेल्मेट काढून फिरवून बघितलं.

चिखलाचा एक ठिपका नव्हता.

घागरा सोडायला गेले तर सुटेना. नाडी आत होती. दोघांनी मिळून कड उचकटली तेव्हा दादा बाहेर निघाला.

उन्हात बसल्यावर त्याचं जॅकेट वाळलं. त्याच्यावर पांढरा थर आला होता. मोनिकानं बोट लावून जिभेला लावलं आणि तिथंच थुंकली.

“मीठ हाय.”

 सरांनी घाईनं बोटी चढवल्या. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी कोकणात फोन केला. म्हणाले, शेपूट व्यवस्थित सांभाळलं, सगळे सुखरूप आले. माणसाला स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नसला की तो असंच करतो.

तो फोन सोडला तर इथपर्यंतची गोष्ट दादानं मला त्याच रात्री घरी येऊन सांगितली. उस्मानपुऱ्यात आमचं भाड्याचं घर आहे, पुढं छोटं अंगण, अंगणात जमिनीखाली हौद. आम्ही दोघं त्या हौदाच्या कट्ट्यावर बसलो होतो. तो सगळं बरोबर सांगत होता. रडतही होता.

फक्त एकदा म्हणाला, “खाली पाणी इतकं खारट होतं ना...”

पाणी.

ण.

मी वर बघितलं. “काय म्हनला?”

“पाणी. का रे?”

मी म्हटलं, काय नाय. माणूस घाबरला की कसंही बोलतो.

पण मग जेवायला बसलो. आईनं भाकरी वाढली. दादानं ताटाशेजारी बोटानं ठोकलं.

ठक. ठक. ठक.

आई म्हणाली, “शिवा, काय लावलंय हे?”

“सवय आहे, आई.”

कधीपासून? मी त्याच्यासोबत एका ताटात जेवलोय. मला विचारा.

दुसऱ्या दिवशी त्यानं हौदाच्या लोखंडी झाकणाला कडी बसवून घेतली. कुलूप लावलं. वर पाटा ठेवला. आई खूश. दुष्काळात सगळी गल्ली पाण्याला कुलपं लावत होती. “बरं केलंस बाबा, परवा मागल्या गल्लीत हौद उपसला कोनीतरी.” चावी त्यानं करदोट्यात अडकवली. पाणी लागलं की तोच काढून द्यायचा. तोंड वळवून.

आठवड्यानं आईचा चहा नासला. दूध बदललं, परत नासला. डाळ शिजेना. आईनं हौदाचं पाणी चाखलं आणि तोंड वाकडं केलं.

“टँकरवाल्यानं काय समुद्र आनून वतला का?”

मी दादाकडं बघितलं. तो हसत होता.

शेजारच्या चतुराबाईंच्या हौदातही त्याच टँकरचं पाणी. त्यांचं गोड.

तेव्हापासून आई पाणी त्यांच्याकडनं आणते. आमचा हौद कोणी उघडत नाय.

मी मोनिकाला फोन केला. सगळं सांगितलं, ण पासून मिठापर्यंत.  ती म्हणाली, “एक सांगू? त्यानं मला हात केला ना बोटीतनं... डावा केला. शिवा उजवा करतो.”

“आन हिमांशू?”

तिनं फोन ठेवला. नंतर उचललाच नाही.

हे झालं तेव्हाचं. आता आजचं.

जुलै लागलाय, पाऊस नाय. दादा आज संध्याकाळच्या गाडीनं मालवणला चाललाय. कामावर. समुद्रावर. बॅग दाराशी भरून ठेवलीय. आई चतुराबाईंकडं पाण्याला गेलीय. दुपारची वेळ, गल्लीत चिटपाखरू नाय. दादा पुढच्या खोलीत खाटेवर झोपलाय. मी उंबऱ्यात बसून हे लिहितोय. इथनं मला त्याचे पाय दिसतात.

लिहायला कामून बसलो ते सांगतो.

मगाशी ठोके आले.

ठक. ठक. ठक.

मी पहिल्यांदा त्याच्या हाताकडं बघितलं. हात छातीवर. हलत नव्हते.

ठोके अंगणातनं आले. खालनं. लोखंडावर.

मी अंगणात जाऊन पाटा बाजूला केला. झाकणाला कान लावला. झाकण उन्हानं तापलेलं असायला पाहिजे, इकडं तवा झालेला असतो या दिवसांत.

गार होतं.

ठक. ठक. ठक.

चावी त्याच्या करदोट्यात. कडी तोडायची म्हणून मी कोपऱ्यातली पहार आणली. ती फरशीला लागली, आवाज झाला.

खाटेवरनं तो बोलला. डोळे मिटलेलेच.

“कुठं चाल्ला?”

“कुठं नाय.”

“नगं जाऊस. मी बी असाच गेल्तो.” मग जरा थांबून, अगदी बारीक आवाजात, लहानपणी मला ताप आल्यावर बोलायचा तसं... “पानी लई खोल हाय तिथं.”

पानी.

इतक्या दिवसांत पहिल्यांदा... पानी.

आता तुम्हीच सांगा. खाटेवर कोण आहे? आणि हौदात कोण?

मी उंबऱ्यात येऊन बसलो. पहार मांडीवर आडवी. डोकं चालेना म्हणून हे पहिल्यापासून लिहून काढलं, लिहिता लिहिता तरी कळंल म्हणून. काय कळलं नाय. फक्त मला काही झालं तर कोणाला तरी माहीत असावं.

ठोके आता बंद झालेत.

त्याच्या जागी दुसराच आवाज येतोय. झाकणाला आतल्या बाजूनं काहीतरी घासतंय.

मागं... पुढं... मागं... पुढं.

हात आहेत.

नाक शोधतायत.

खाटेवरचा आता उठून बसलाय.  नुसता माझ्याकडं बघतोय आणि मान हलवतोय, नाय, नाय म्हणून.

घासणं हळू होत चाललंय.

आधी नाक, मग...

मला गेलं पाहिजे. निघतो.